साखर जरा कमीच घाल

स्लश करायला फळ लागतं, साखर लागते आणि फ्रीजरमध्ये वीतभर रिकामी जागा लागते. पैकी पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात.

आमच्या फ्रीजरमध्ये जानेवारीत स्वस्त मिळाले म्हणून सोलून ठेवलेले मटार आहेत. तुपासाठी साठवत आणलेली साय आहे, खवलेला नारळ आहे, गेल्या मे महिन्यातला आमरस आहे (‘असू दे, कोणी आलं-गेलं तर’). सगळ्यात मागे एक पिशवी आहे, तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, पण ती टाकायची म्हटलं की घरातले तिघे एकदम ‘थांब थांब’ म्हणतात. शेवटी मटारांची उसळ करून टाकली, तेव्हा कुठे एका पसरट डब्यापुरती जागा झाली. भर एप्रिलमध्ये मटारउसळ खाल्ल्याचा घाम स्लशने जिरवायचा, असा एकूण बेत.

खूळ लेकीचं. तिने मोबाइलवर पाहिलं होतं: कलिंगडाच्या फोडी, मूठभर बर्फ, मिक्सरचं एक घर्रर्र, आणि पेल्यात लालभडक स्लश. अशा व्हिडिओतल्या माणसाला मिक्सर कधी धुवावा लागत नाही, आणि त्याच्या भांड्यात आदल्या दिवशी लसणाची चटणीही वाटलेली नसते. आमच्याकडे बर्फ फुटेल असं एकच दणकट भांडं आहे आणि ते चटणीचंच आहे. शिवाय बायको मिक्सरपुढे उभी राहिली. ‘बर्फ घालायचा नाही. मागच्या खेपेला कपलर गेला होता.’ कपलर म्हणजे भांड्याखालची ती दातेरी चकती. ती गेली की मोटर नुसती किंचाळते, पातं जागचं हलत नाही आणि दुरुस्तीवाला ‘बर्फ घातला होता ना?’ असं पोलिसासारखं विचारतो.

बायकोचं तसं बरोबरच होतं. पाती गरगरली की मिश्रण गरम होतं, बर्फ वितळतो आणि हाती पाणचट सरबत येतं. मिक्सरशिवायचा मार्ग इटलीतले लोक ग्रनिता करताना वापरतात. रस पसरट डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचा. बघण्यासारखा प्रकार असतो तो. आधी डब्याच्या कडेला सुयांसारखे स्फटिक धरतात, मधोमध मात्र रस हिंदकळत असतो. कडा खरवडून आत लोटल्या की पुन्हा नवी कड धरते. दोन-तीन तासांत डबाभर लाल भुसभुशीत बर्फ. अट एवढीच, की त्या वेळात डुलकी काढायची नाही. मे-एप्रिलच्या दुपारी, जेवणानंतर, मराठी माणसाला ही अट घालणं हे इटलीकरांनाच सुचू जाणे.

मुळात स्लश हा पदार्थच नाही, ती एक अवस्था आहे. दुकानातलं यंत्र तो उणे दोन-तीन अंशांवर सतत ढवळत ठेवतं. घरचा फ्रीजर असतो उणे १८ अंशांवर, त्यामुळे जरा नजर चुकली की दगड, आणि बाहेर काढून गप्पा मारत बसलं की सरबत. त्याचा जन्मही धडक्या यंत्रातून झालेला नाही. अमेरिकेतल्या कान्सास राज्यात ओमर नेडलिक नावाच्या दुकानदाराचं सोड्याचं यंत्र बिघडलं, म्हणून त्याने बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्या अर्धवट गोठल्या आणि गिऱ्हाइकांनी तेच पुन्हा पुन्हा मागितलं. पुढे त्याने मुद्दाम तसलं पेय करणारं यंत्र घडवलं आणि १९६०च्या दशकात ते अमेरिकाभर पसरलं. आमच्याकडे यंत्र बिघडलं की आधी ‘शेवटचा हात कोणाचा होता’ याची चौकशी सुरू होते, त्यामुळे शोध लागायचा राहून जातो.

पण खरी कटकट साखरेची. गोठताना पाणी एकटंच गोठतं, साखरेला बाजूला सारतं. उरलेला रस त्यामुळे आणखी गोड होतो, आणखी गोड झाल्यामुळे गोठायला आणखी नकार देतो. या नकारामुळेच स्लश मऊ राहतो. लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला (त्याचा त्या बड्या कंपनीशी काडीचा संबंध नसे) चोखला की रंग आणि गोडी आधी पोटात जायची आणि हातात पांढरा बर्फ उरायचा, ते याच कारणाने. हिशेबाने बोलायचं तर शंभर ग्रॅम मिश्रणात तेरा-चौदा ग्रॅम साखर हवी. कलिंगडात असते सहा-सात, बाकी ९० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी. म्हणजे लिटरभर रसात आणखी सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर घालणं आलं. त्यात थंडीने जीभ बधिर होते, गोड कमी लागतं, तेव्हा थोडी वरही चालते.

हे मी घरात जाहीर केलं आणि स्वयंपाकघरात तीन आवाज एकदम आले: ‘साखर जरा कमीच घाल.’

आईला मधुमेह, बायकोने साखर सोडलेली, लेकीने सोडली नसली तरी तिचं मत आहे. पदार्थविज्ञानाची बाजू मी मांडून पाहिली, बहुमताने फेटाळली गेली. चमचाभर साखर, लिंबू, चिमूटभर पादेलोण एवढ्यावर डबा आत गेला आणि बाहेर आली लाल रंगाची वीट. काटा वाकला. मग उपायांची चर्चा. ‘डाएटवाल्या गोळ्या घाल की,’ बायको म्हणाली. गोळ्यांनी जीभ फसते, पाणी फसत नाही. दोन गोळ्यांना भिऊन ते गोठायचं थांबणार नाही. बाजारातल्या बिनसाखरेच्या स्लशमध्ये म्हणून ग्लिसरॉल घालतात. म्हणजे आपलं ग्लिसरीनच. ते आमच्या घरात थंडीत टाचांच्या भेगांना लावतात, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. दारूनेही काम होतं. गोव्याचा एक मित्र उन्हाळ्यात कलिंगडात उर्राक घालायचा सल्ला फोनवरून ठणठणीत आवाजात देत होता, आणि फोन स्पीकरवर होता, आणि आई शेंगा सोलत बसली होती.

त्याच आईने संध्याकाळी फ्रीजमधून पन्ह्याची बरणी काढली. उकडलेल्या कैरीचा गर, वेलची, केशराच्या दोन काड्या आणि गराच्या बरोबरीने साखर. होय, बरोबरीने! पण पन्ह्यातल्या साखरेवर आजवर घरात कोणी अवाक्षर काढलेलं नाही, कारण पन्हं उन्हाला उतारा असतं, म्हणजे औषध. औषधाच्या डोसात कोणी काटछाट करतं का? मी मुकाट्याने त्यात अडीचपट पाणी घातलं आणि डब्यात ओतून फ्रीजरमध्ये सरकवलं. काय सांगू! काटा लोण्यातून फिरावा तसा फिरला. पिवळसर, रवाळ, आंबटगोड, मध्येच दाताखाली वेलचीचा कण. लेकीने पहिले चार चमचे एकदम तोंडात कोंबले आणि कपाळ धरून बसली. टाळू अचानक गार पडली की कळ अशी कपाळात उठते. जीभ टाळूला लावून बसली आणि ओसरताच पुन्हा चमच्याकडे वळली.

तेवढ्यात मामा आला. उन्हातून आलेला, घामाघूम. पेला पुढे केला तर म्हणाला, ‘माझ्यात बर्फ नको रे. घसा धरतो.’

‘मामा, हा सगळा बर्फच आहे.’

‘मग गाळून दे.’

आता मामाशी कोण वाद घालणार? गाळणीत बर्फ राहिला, खाली उतरला तो साखरेने ठासून भरलेला रस. मामालाही मधुमेह आहे, आईपेक्षा एक गोळी जास्त. त्याने घोट घेतला, डोळे मोठे केले. ‘ताई, अगं हा तर नुसता पाक आहे!’

‘पन्हं आहे ते,’ आई म्हणाली. ‘उन्हातून आलायस. पी मुकाट्याने.’