अठरावं सरलं, फाइल बंद!

‘मुलगा अठराचा झाला, आता मोठ्यांच्या ओपीडीत दाखवा.’ खिडकीवरून एवढं सांगितलं की झाली बदली! कुणाला दाखवायचं? त्यांना आधीचं काय ठाऊक? ते तुमचं तुम्ही बघा.

हेब्बाळच्या पोराला निदान होसूर रोडवरचं निम्हान्स, मनाच्या आजारांचं मोठं रुग्णालय, एकाच शहरात आहे. ट्रॅफिकमधून अख्खं बेंगळुरू ओलांडलं की पोहोचला. बेळगावच्या पोराचं काय?

बरं, मुहूर्त तरी कसा! बारावी संपलेली, शाळेची समुपदेशक सुटलेली, कॉलेज नवं, कदाचित गावही नवं. नेमका तेव्हाच डॉक्टरही बदलायचा.

इतकी वर्षं गोळ्या आईनं काढून दिल्या, फाइल आईनं सांभाळली, झोप लागत नाही हेही आईनंच सांगितलं. आता नवे डॉक्टर विचारतात, ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’

‘एक पांढरी. आणि एक अर्धी.’

आई बाहेर बाकावर. अज्ञान मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारा माणूस, हा त्याचा पालकच, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. अठरा पूर्ण झाले की प्रतिनिधी निवडायचा हक्क मुलाचा. हक्क रास्तच आहे. पण तो आपल्याला आहे, हे पोराला सांगितलं कुणी?

त्याच कायद्याचं कलम 98 वाचा. रुग्णाची जबाबदारी नव्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणार असेल, तर आधीच्या डॉक्टरांनी रुग्णाशी, घरच्यांशी आणि त्या नव्या डॉक्टरांशी बोलून पुढचे उपचार ठरवायचे. कायदा लागू झाला 29 मे 2018 ला. तुमच्या ओळखीत कुणासाठी असा फोन गेलाय?

पैसेवाल्या देशांतही हे आपोआप होत नाही. ब्रिटनमध्ये 2010 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मोठ्यांच्या सेवेत पोहोचलेल्या मुलांपैकी शंभरात पाचांचंही हस्तांतर धड झालेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियानं मानसिक आरोग्यासाठी ‘हेडस्पेस’ केंद्रं काढली ती थेट 12 ते 25 वयासाठी. अठराव्या वर्षी दार बदलायची भानगडच नाही.

आपल्याकडे धड हस्तांतरासाठी नवी इमारत नको. सोळाव्या वर्षीच मुलाशी बोलायला लागा. गोळ्यांची नावं त्याला पाठ करू द्या. एका कागदावर निदान, कोणत्या औषधानं त्रास झाला, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कधी आला होता, हे लिहून द्या. नव्या डॉक्टरांची पहिली भेट जुन्यांच्या समोर होऊ द्या.

आणि पोरगा दुसऱ्या भेटीला फिरकला नाही, तर त्याला फोन कोण करणार, त्या माणसाचं नाव त्याच कागदावर हवं.