चिठ्ठीला वळण लावा

कोपरगावात काळे-कोल्हे दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांचं एका बाबतीत एकमत आहे: आरक्षणाची सोडत आधीच ठरलेली असते. आपल्याला हवं ते आरक्षण निघालं, तर ती तेवढी साईबाबांची कृपा.

6 ऑक्टोबर 2025 ला मंत्रालयात 247 नगरपरिषदांच्या नगराध्यक्षपदांचं आरक्षण निघालं. त्यांतली 125 पदं महिलांची, म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. एवढी नाणी एका दिवशी उडाली की कुठे ना कुठे शेजारशेजारच्या चार गावांत सारखंच निघणार. पण टपरीवर नाना विचारतात, "सलग चार? वरून फोन असल्याशिवाय?"

गणिताचे मास्तर समजावायला गेले. नाणं वीस वेळा उडवा, सलग चार छापे किंवा सलग चार काटे 100 पैकी सुमारे 77 वेळा दिसतील. उलट पोरांना नाणं न उडवता मनानेच वीस निकाल लिहायला सांगा. तीन छापे झाले की चौथ्याला पेन आपोआप काट्याकडे वळतं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, नाणं कुणाचं होतं?"

मास्तर निरुत्तर झाले.

नानांचंही खोटं नाही. उसात पान हललं तर तो वारा की बिबट्या? बिबट्या समजून पळालेल्याची फार तर चप्पल हरवते. वारा समजून थांबलेला हकीकत सांगायला येत नाही. आपण सगळे त्या पळणाऱ्यांचे वंशज. त्यात भर म्हणजे ऊसतोडीचा नंबर असो की मास्तरांची बदली, कुणाचा तरी शब्द लागतो हे इथे बाळकडूच. अशा माणसाला 'यामागे कुणीच नाही' म्हणणं हा त्याच्या ओळखीपाळखीचा अपमान आहे.

2019 ची इथली विधानसभा निवडणूक आठवा. आशुतोष काळे यांनी स्नेहलता कोल्हे यांना 822 मतांनी हरवलं. म्हणजे 412 जणांनी मन बदललं असतं तर निकाल उलटा. एवढ्या फरकाला पावसाची एक सरही पुरते. पण सरीला श्रेय कोण देणार? 'ती मतं मीच फिरवली' म्हणणारे मोजले, तर विजयाचा फरक काही हजारांत जातो.

चिठ्ठीच्या स्मरणशक्तीवरही लोकांची फार श्रद्धा. आरक्षणाला फिरत्या क्रमाचे नियम आहेत, त्यांना मागचं थोडंफार आठवतं. पण नियम संपून चिठ्ठ्या एकदा भांड्यात पडल्या की त्यांना ना मागचं आठवतं, ना तुमचं घराणं. तरी इच्छुक म्हणतो, "दोनदा हुकलं, आता आपलाच नंबर." 1913 साली मोंटे कार्लोच्या जुगारघरात रुलेटच्या चक्रावर सलग 26 वेळा काळा रंग आला, तेव्हा 'आता लालच' म्हणत लोकांनी असेच खिसे रिकामे केले होते. त्यांच्यात आमच्या तालुक्याचं कुणी नसावं, पण विचार इथलाच.

उपाय मात्र अमेरिकेत सापडतो. आयपॉडवर शफल लावलं की गाणी खरोखर कशीही लागायची. एकाच गायकाची दोन पाठोपाठ लागली की गिऱ्हाइकांना संशय यायचा. शेवटी 2005 मध्ये स्टीव्ह जॉब्सनी अशी सोय दिली की तशी गाणी लांब लांब ठेवता येतील. नशीब थोडं आवरलं, तेव्हा कुठे ते लोकांना नशिबासारखं वाटलं.

तेव्हा शासनाला आमची नम्र मागणी: सोडत थोडी कमी निष्पक्ष करा, म्हणजे ती निष्पक्ष वाटेल. शेजारच्या गावांत सारखं आरक्षण निघालं तर एक चिठ्ठी परत भांड्यात टाकावी. दोनदा हुकलेल्याची चिठ्ठी वर ठेवावी. चिठ्ठी काढणाऱ्या शाळकरी पोराला आदल्या दिवशी तालीम द्यावी.

मसुदा टपरीवर एकमताने मंजूर झाला. चिठ्ठी परत टाकायचा अधिकार कुणाकडे, यावर मात्र दोन गटांचे दोन अध्यक्ष पुढे आले आणि तीन तास वाद झाला. चिठ्ठी टाकून ठरवू, असं कुणीही सुचवलं नाही.