झाकण कुठंय?

कल्याणची चाळ असो, डोंबिवलीतला वन बीएचके असो की ठाण्यात घोडबंदर रोडवरचा टॉवर, मुलांच्या औषधांचा मुक्काम ठरलेला: फ्रिजचं दार. वर अंडी, खाली सॉस आणि मध्ये चिकट मानेच्या बाटल्या. निम्म्या गेल्या पावसाळ्यातल्या. 'अजून अर्धी आहे' म्हणून ठेवलेल्या.

खरं तर ताप-खोकल्याच्या बहुतेक सिरपांना फ्रिज लागतच नाही. लेबलवर 30 अंशांखाली ठेवा म्हटलेलं असतं, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं. फ्रिजचं दार तर नेमकं चिरंजीवांच्याच उंचीचं.

बाटली जपली जाते, हरवतं ते मापाचं झाकण. 2.5, 5, 10 अशा रेघांची ती प्लास्टिकची वाटी पहिल्याच दिवशी भातुकलीत दाखल होते. मग आजी चमचा काढतात. "डॉक्टर एक चमचा म्हणाले ना?" डॉक्टरांचा चमचा 5 मिलीचा, आजींचा आहेरात आलेला, देणाऱ्याच्या ऐपतीचा.

पॅरासिटामॉल तर गणिताचा पेपरच. सिरपच्या 5 मिलीत 120, 125, नाहीतर थेट 250 मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांच्या थेंबांत मात्र एका मिलीतच 100. म्हणजे थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरप समजून 5 मिली पाजलं, तर मोठ्या माणसाची 500 ची अख्खी गोळी बाळाच्या पोटात. डोस ठरतो वजनावर, म्हणून डॉक्टर आधी काट्यावर उभं करतात.

अँटिबायोटिकच्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी घालणं हे बाबांचं खातं. रेघेपर्यंत पाणी ओतून ते विजयी मुद्रेनं बघतात. "अहो, हलवा आधी!" हलवलं की फेस येतो, फेस बसला की पाणी रेघेखाली. पुन्हा ओता.

आई-बाबा लोकलमध्ये असताना 'दिलं का?' हा मेसेज येतो. आजींनी दिलेलं असतं, आजोबांनीही. तेव्हापासून कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी औषधाच्या फुल्या पडू लागतात.

फ्रिजची खरी झाडाझडती झाली ऑक्टोबर 2025 मध्ये. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कोल्ड्रिफ कफ सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं मुलं दगावली; महाराष्ट्राच्या एफडीएनंही त्या सिरपच्या दूषित बॅचचा वापर थांबवायला सांगितलं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं बजावलं. घरोघरी जुन्या बाटल्या बाहेर निघाल्या, तारखा वाचल्या गेल्या.

आजींनी लगेच सहाण पुढे ओढली. वेखंड, हळकुंड, जायफळ निघालं, मधाची बाटली उघडली.

"आई, वर्षाखालच्या बाळाला मध चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"हो का? मग तुला काय मी पॅरासिटामॉल उगाळून वाढवला?"