शेवटची पाच मिनिटं

"पोरानं पेनल्टी घालवली वाटतं," मावशी वईपलीकडून म्हणाल्या. रेवदंड्याच्या मैदानावरची ओरड आमच्या वाडीपर्यंत येते. मावशींच्या मांडीवर पांढऱ्या कांद्याची माळ अर्धी झालेली. पातीचे तीन पेड, त्यात नवा कांदा, आवळायचं, पुन्हा नवा कांदा. हात आपले चालू, तोंड मोकळं.

"घालवू दे. 1986 च्या वर्ल्डकपला फ्रान्सविरुद्ध ब्राझीलच्या झिकोनंही घालवली होती," मी म्हटलं.

झिकोचं नाव काढायला नको होतं. मावशींचे जावई मडगावचे. 20 डिसेंबर 2015 ला ते सासूबाईंना फातोर्ड्याला घेऊन गेले, आयएसएलची फायनल बघायला. एफसी गोवाचा कोच झिको, समोर चेन्नईयिन.

"87व्या मिनिटाला आपला दुसरा गोल. 2-1! जावईबापू खुर्चीवर उभे. मी म्हटलं, अहो पडाल. ते काय पडतायत, पडली टीमच. 90व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरच्या हातून बॉल आत, आणि लगेच त्या मेंडोझानं तिसरा मारला. 3-2. आणि त्यांचा कोच कोण? मातेराझी! झिदाननं छातीत डोकं मारलं होतं ना, तोच."

"नशीब हो."

"नशीब कसलं? 2006 चा वर्ल्डकप आठव. झिको जपानचा कोच. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84व्या मिनिटापर्यंत 1-0 पुढे, आणि संपेपर्यंत 3-1 नं हरले! शेवटची पाच-दहा मिनिटं दार लावायला हा माणूस विसरतो."

हे मला पटेना. त्याच झिकोनं 2004 मध्ये जपानला आशिया कप जिंकून दिला. त्यात जॉर्डनविरुद्ध पेनल्ट्यांवर हरत आलेली मॅच फिरवली. फेनरबाचेला तुर्कस्तानची लीग मिळवून दिली, 2008 ला त्यांना चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला नेलं. आणि गोव्याच्या त्याच मोसमात मुंबईला 7-0! दोघांची हॅटट्रिक एकाच मॅचमध्ये, डुडू आणि हाओकिप.

"मुंबईची काय ती टीम होती!" मावशींनी पात दातांत धरून आवळली. मुंबईबद्दल त्यांचं मत कधीच चांगलं नव्हतं.

मला विचाराल तर झिकोचं खरं काम जपानमधल्या काशिमाचं. समुद्राकाठचं, आपल्या डोलवीसारखं लोखंडाच्या कारखान्याचं गाव. 1991 ला तो तिथल्या कंपनीच्या टीममध्ये गेला, तोवर ब्राझीलचा मंत्रीही होऊन आलेला. टीम दुसऱ्या डिव्हिजनची. 1993 ला जे-लीग सुरू झाली, त्यात काशिमाच्या पहिल्याच मॅचला चाळिशीच्या झिकोची हॅटट्रिक. जपानी लोक त्याला फुटबॉलचा देव म्हणतात ते उगाच नाही.

"देव असेल. पण देवाला बाहेर बसवलं की देव काय करणार?" मावशी म्हणाल्या. एवढ्या वेळात हे एक वाक्य मला मान्य झालं.

मग जरा मऊ झाल्या. जावयांच्या शेजारचे म्हातारे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. टीव्हीवर झिको बोलला की त्यांना दुभाष्या लागायचा नाही. झिकोचा बापच मुळात पोर्तुगालचा ना. "आपल्या कोर्लईला आणायला हवं होतं त्याला. खाडी ओलांडली की झालं. पोर्तुगीज 1740 ला गेले, पण तिथली म्हातारी माणसं घरात अजून तीच भाषा बोलतात."

"तीच नाही हो, तिच्यापासून झालेली. त्याला अर्धंही कळलं नसतं."

"अर्धं पुरतं गप्पांना. आपलं काय वेगळं आहे?" माळ संपली. वईवरून माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाऱ्याला टांग, नाहीतर खालून कुजते."

2016 ला झिको गोव्यात पुन्हा आला. आठ टीमांत गोवा आठवा आला, आणि मग झिको परत आला नाही.