आधी आपला माळ बघा

शनिवारी रात्री सोलापूरच्या सात रस्त्यावर ट्रॅव्हल्सच्या गाड्यांभोवती बॅगा धरून उभी असलेली कुटुंबं पाहिली की म्हणावंसं वाटतं, एक रविवार आपल्या जिल्ह्यालाही द्या.

बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी १९७९ साली राखलेलं अभयारण्य. उजाडताना पोहोचा आणि वाटाड्या गावातलाच घ्या. पण ‘माळढोक नक्की दाखवतो’ असं सांगून कुणी पैसे मागितले तर त्याच्या नादी लागू नका. पंधरा किलोपर्यंत भरणारा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालणारा हा पक्षी आता दिसला तर नशीब. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. याला समोरचं नीट दिसत नाही, जड अंगानं वळताही येत नाही. तो तारांवर आदळतो. ‘नुसतं ओसाड पडलंय, झाडं लावा’ म्हणणाऱ्यांनीही कमी नुकसान केलेलं नाही. अहो, गवत हेच इथलं जंगल! त्यातच काळवीट चरतात, लांडगा आणि खोकड फिरतात, चंडोल घरटी करतात. काळ्या पाठीचा नर शिंगं मागे टाकून टणाटण उड्या घेत गेला, की शेजारचं पोर मोबाइल विसरतं.

दुपारी शेतावर हुरडा. गोवऱ्यांची आगटी, राखेतून काढलेलं कणीस, ते तळहातावर चोळणाऱ्या मावशी. “गार करू नका, खावा लगेच,” म्हणत त्या ओंजळ पुढं करतात. हिरवे, मऊ, वाफाळते दाणे. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. याला डीजे कशाला लागतो? माणशी पैसे घेणाऱ्यांनी या मावशींची मजुरी आधी चोख द्यावी. त्यांचे हात भाजतात म्हणून आपलं आतिथ्य होतं.

उन्हं उतरताना विजापूर रस्त्याकडून हत्तरसंग कुडलला जा. तिथं भीमा-सीनेचा संगम आहे, ३५९ मुखांचं शिवलिंग आहे, आणि शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. शाळेच्या सहली इथं दरवर्षी यायला हव्यात.

जानेवारी सरला की हुरड्याचा दाणा टणक होत जातो. जायचं तर आत्ताच ठरवा.