निरंक

आमच्या तहसील कचेरीत भाऊसाहेबांना "काय म्हणताय?" असं विचारलं की उत्तर येतं, "निरंक." वरून मागवलेल्या माहितीत कळवण्यासारखं काही नसलं की आम्ही हा शब्द लिहितो. भाऊसाहेबांनी तो कागदावरून उचलून संसारात नेलाय. डबा कसा होता? निरंक. सुट्टीत कुठे जाणार? निरंक.

नोकरीला लागले तेव्हा हा माणूस असा नव्हता म्हणे. सकाळचं टपाल संध्याकाळच्या आत निकाली. सहा गठ्ठा पद्धतीने लावलेलं त्यांचं कपाट बघायला शेजारच्या तालुक्याचे कारकून यायचे. साहेबांनी या गुणाची कदर केली, म्हणजे बदलून गेलेल्याच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे दिला. तो चोख सांभाळला, म्हणून निवृत्त झालेल्याचाही दिला. आज भाऊसाहेबांकडे टेबलं तीन आणि खुर्ची एक, तिचाही एक हात मोडलेला. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा आम्ही खूश. भाऊसाहेबांनी शनिवारचा गठ्ठा उचलून मुकाट सोमवारच्या गठ्ठ्यावर ठेवला.

परवा ताणतणावावर प्रशिक्षण झालं. व्याख्यात्यांनी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलेली बर्नआउटची लक्षणं वाचली : गळून जाणं, कामावरून मन उडणं, हातून धड काही होत नाही असं वाटणं. भाऊसाहेबांनी कधी नव्हे तो हात वर केला.

"हा आजार धरतात का?"

"नाही, कामामुळे येणारी अवस्था."

"म्हणजे वैद्यकीय रजेत बसत नाही," म्हणत त्यांनी हात खाली घेतला.

काल नवा मुलगा रुजू झाला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुपारीच सगळं टपाल निकाली काढून खणखणीत आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, अजून काही आहे का?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. भाऊसाहेब चक्क उठले, दार हलकेच लोटून आले आणि पोराचे निम्मे निकाली कागद आपल्या 'प्रतीक्षाधीन' गठ्ठ्यात सारून मोकळे झाले.

"हळू बोल बाळा. साहेबांनी विचारलं, हातात काम किती, तर काहीही सांग, पण..."

"निरंक नाही म्हणायचं?"

भाऊसाहेब हसले. कचेरीत कित्येक वर्षांनी. मी लगेच आवक नोंदवहीत क्रमांक टाकला.