उपग्रह दीडला येतो, धूर मुक्कामाला असतो

पंजाबात 2020 च्या भातकापणीच्या हंगामात शेतातला पेंढा जाळण्याच्या 83,002 आगी मोजल्या गेल्या. 2021 मध्ये 71,304. पुढे 49,922, मग 36,663. 2024 ला आकडा एकदम 10,909 वर आला आणि 2025 ला 5,114 वर. म्हणजे पाच वर्षांत सोळा आगींतली एक उरली. सरकारी पत्रकांनी याला यश म्हटलं, वाहिन्यांनी तेच वाचून दाखवलं. माझं म्हणणं इतकंच आहे की हे यश आधी सिद्ध करा. ज्या उपग्रहांच्या भरवशावर हे आकडे निघाले, ते शेताकडे दिवसभर बघत नाहीत.

आगी टिपणारं मुख्य उपकरण म्हणजे व्हिअर्स. सुओमी एनपीपी, नोआ-20 आणि नोआ-21 या अमेरिकी उपग्रहांवर ते बसवलेलं आहे. हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर घिरट्या घालतात, खाली पृथ्वी फिरत राहते, आणि कुठल्याही गावावर ते येतात ते स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमाराला. दुसरी फेरी रात्री दीडची. पावणेचारशे मीटरच्या चौकोनात आजूबाजूपेक्षा जास्त तापलेली जागा दिसली की तिथे आग धरली जाते. दुपारी दीडला जळत असलेलं शेत मोजणीत येतं. संध्याकाळी पाचला पेटवलेलं शेत रात्रीच्या फेरीपर्यंत राख होऊन थंड झालेलं असतं. त्या शेताची आग कुठल्याच रकान्यात पडत नाही.

हे शेतकऱ्याला कळलं नसेल असं कोणी समजू नये. पेंढा जाळताना सापडला तर दंड होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने तो दुप्पट केला: दोन एकरांच्या आत 5,000 रुपये, पाच एकरांपर्यंत 10,000, त्यापुढे 30,000. शिवाय जमिनीच्या दप्तरात लाल नोंद होते. अशी नोंद पडली की त्या जमिनीवर कर्ज मिळणं अवघड होतं. एवढं सगळं दुपारच्या एका फेरीवर अवलंबून असेल, तर माणूस काडी कधी ओढेल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तरीही शास्त्रज्ञांनी ते मोजलं, हे बरं झालं. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणारे हिरेन जेठवा यांना 2024 च्या हंगामात एक विसंगती दिसली. आगींची संख्या धडाधड खाली येत होती, पण हवेत तरंगणाऱ्या कणांचं प्रमाण त्या मानाने हलत नव्हतं. आग नाही तर मग एवढा धूर कुठून? त्यांनी दक्षिण कोरियाच्या जिओ-कॉम्पसॅट-2ए या उपग्रहाची चित्रं काढली. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर एका जागी स्थिर असतो आणि दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. पूर्वी दुपारी एक-दोनच्या दरम्यान भरात येणाऱ्या आगी आता चार ते सहाच्या दरम्यान भरात येतात, हे त्यात स्वच्छ दिसलं. दिल्लीच्या आयफॉरेस्ट या संस्थेने 2025 च्या अखेरीस युरोपच्या स्थिर उपग्रहाच्या आधारे असंच काम मांडलं. पंजाबातल्या मोठ्या आगींपैकी 90 टक्क्यांहून अधिक 2024 आणि 2025 मध्ये दुपारी तीननंतरच्या निघाल्या. 2021 मध्ये हेच प्रमाण 3 टक्के होतं.

जळालेलं क्षेत्र मात्र लपत नाही. आग विझली तरी काळं पडलेलं रान कितीतरी दिवस तसंच राहतं, आणि युरोपचा सेंटिनेल-2 दहा मीटरपर्यंतचा तपशील टिपत त्यावरून जातो. त्या हिशेबात जाळणं कमी झालेलं दिसतं, आणि ते मान्य केलं पाहिजे. पेंढा रानातच ठेवून गहू पेरणाऱ्या यंत्रांवर सरकारने अनुदान दिलं, हजारो शेतकऱ्यांनी ती वापरली, त्यांचे कष्ट खरे आहेत. पण ती घट आगींच्या संख्येतल्या घटीच्या जवळपासही पोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्येच स्थिर उपग्रहांची दिवसभराची माहिती मिळवा असं सांगितलं होतं. त्यानंतरही 2025 चा हंगाम संपल्यावर जनतेपुढे ठेवला गेला तो दीडच्या फेरीवर उभा असलेला 5,114 हा आकडा. याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

यातलं आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट काय, तर वेळ. दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर उसळत असते, धूर उंच जाऊन विरळ होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य कलला की जमिनीलगतची हवा झपाट्याने थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. पाचला निघालेला धूर त्या झाकणाखाली अडकतो आणि रात्रभर माणसांच्या नाकाच्या उंचीवर राहतो. जी देखरेख धूर कमी करायला उभारली, तिने जाळणं आरोग्यासाठी सर्वांत घातक वेळेकडे ढकललं. ही गोष्ट चंदिगडमधल्या आणि दिल्लीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला अस्वस्थ करायला हवी.

हा धूर सर्वांत आधी कोण घेतं? आपल्या चर्चा दिल्लीपासून सुरू होतात आणि दिल्लीत संपतात. पंजाबातल्या संगरूरच्या, मोग्याच्या, तरनतारनच्या खेड्यातलं पोर धुराच्या मुळाशीच राहतं. अडीच मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतले काही रक्तात जातात. 2019 मध्ये अडीच लाख माणसांची आरोग्य-पाहणीतली माहिती आणि उपग्रहांनी टिपलेल्या आगी एकत्र ठेवून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पिकांचे अवशेष मोठ्या प्रमाणावर जाळले जातात अशा जिल्ह्यात राहणाऱ्याला तीव्र श्वसनसंसर्गाचा धोका तिपटीने जास्त, असं त्यात दिसलं. उपग्रहाचा हा उपयोग मला मोलाचा वाटतो. आकाशातून टिपलेली आग आणि घरातला खोकला यांची गाठ त्या संशोधकांनी घालून दिली. दंडाच्या पावतीपेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे.

याहून मोठं कामही उपग्रहांनी केलं आहे. हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात हे नासाचे टेरा आणि ॲक्वा हे उपग्रह वीस वर्षांहून अधिक काळ मोजत आले. त्यावरून, जमिनीवरच्या यंत्रांची आणि गणिती प्रारूपांची जोड देऊन, जिथे एकही यंत्र नाही अशा गावातल्या बारीक कणांचा अंदाज काढता येतो. 2019 साली देशात 16.7 लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने निघालेला आकडा बऱ्याच अंशी अशाच अंदाजांवर उभा आहे. आपली मोजयंत्रं बहुतेक शहरांत आहेत. खेड्यातली हवा मोजली जाते ती आकाशातूनच, आणि त्या मोजणीचं उत्तर त्या खेड्यापर्यंत कधीच पोचत नाही.

उपग्रहाच्या मर्यादा लपवून त्याचं कौतुक करणंही मला पटत नाही. तो जमिनीपासून वरपर्यंतचा हवेचा सगळा थर एकत्र बघतो. नाकाशी किती धूर आहे हे त्याला वेगळं काढून सांगता येत नाही. ढग आले की तो आंधळा होतो. धूर फार दाट झाला तर त्यालाच ढग समजून खालची आग सोडून देतो, म्हणजे ज्या दिवशी परिस्थिती सर्वांत वाईट, त्याच दिवशी मोजणी सर्वांत कमी येऊ शकते. आपले इन्सॅट उपग्रह स्थिर कक्षेत आहेत, पण उष्णता टिपणारा त्यांचा चौकोन चार किलोमीटरचा. दोन एकरांतली आग त्यात विरून जाते. म्हणून एकाच उपग्रहाच्या एका फेरीला सत्य मानायचं नसतं. ताप फक्त दुपारी दीडला बघून रोग्याला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरवर आपण विश्वास ठेवणार आहोत का?

शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून हा प्रश्न सुटणार नाही, हेही ठणकावून सांगायला हवं. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने 2009 मध्ये कायदा केला आणि जूनच्या दहा तारखेआधी भातलावणीला बंदी घातली. लावणी पुढे गेली, कापणी पुढे गेली, आणि भात निघून गहू पेरायला मधे उरले ते दोन-तीन आठवडे. कापणी यंत्र दाणे घेऊन जातं आणि उभी धसकटं मागे ठेवतं. सरकार हमीभावाने भात घेतं म्हणून शेतकरी भात लावतो. धोरणाने त्याला कोपऱ्यात ढकललं आणि आता तोच उपग्रह त्याच्यावर पाळतीला लावला. पाळत ठेवली की माणूस लपतो, आणि लपणाऱ्याच्या माहितीवर कुणाचंही आरोग्य सांभाळता येत नाही.

महाराष्ट्राने यातून आत्ताच धडा घ्यावा. नासाची आगींची माहिती फर्म्स या नकाशावर कोणालाही फुकट बघता येते. गाळपाच्या दिवसांत ऊसपट्ट्यावर लाल ठिपके उमटतात. तोडणीनंतर खोडव्यासाठी पाचट पेटवलं जातं. मजूर मिळेना झाले की उभा ऊस पेटवून तोडला जातो आणि कारखाना जळीत उसाला कपात लावतो. तोडकरी बाया पोरांना घेऊन त्याच काजळीत उभ्या असतात. पाचट कुट्टी करून सरीत दाबली तर जमिनीला कर्ब मिळतो, हे कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. उद्या आपल्याकडेही कोणी दंडाचं पुस्तक घेऊन उपग्रहाच्या ठिपक्यांमागे धावायला निघालं, तर पंजाबची संध्याकाळ आपल्याकडेही होईल. त्याआधी कुट्टीचं यंत्र गावात पोचवा, आणि ठिपक्यांचा नकाशा पोलीस ठाण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या.

हे करायला नवी संस्था नको. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. दिल्लीच्या हवेचा पुढच्या दिवसांचा अंदाज तिच्या प्रारूपावरून निघतो आणि त्यात उपग्रहांची माहिती घातली जाते. जो अंदाज दिल्लीला मिळतो तो संगरूरला आणि आपल्या ऊसपट्ट्यातल्या शिरोळला का मिळू नये? धूर येणार हे दोन दिवस आधी कळलं, तर आशा सेविका दम्याच्या रुग्णांना औषध जवळ ठेवायला सांगू शकते, गरोदर बाईला घरात थांबायला सांगू शकते, शाळा मैदानावरची कवायत पुढे ढकलू शकते. बाह्यरुग्ण विभागात रोज खोकल्या-दम्याचे किती रुग्ण आले, ही नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत असतेच. ती उपग्रहाच्या नकाशाशेजारी ठेवली की धुराचा खरा हिशेब सुरू होईल.

पुढच्या नोव्हेंबरात आगींचा आकडा पुन्हा जाहीर होईल आणि तो कदाचित आणखी खाली गेलेला असेल. वाचकहो, त्या दिवशी टाळ्या वाजवू नका. तुमच्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा: जळालेलं क्षेत्र किती, सूर्य मावळताना हवेत धूर किती होता, आणि त्या आठवड्यात जिल्ह्याच्या दवाखान्यांत श्वास कोंडून किती माणसं आली? ही तिन्ही उत्तरं एकाच पत्रकात छापून मिळेपर्यंत विचारत राहा.